कडेने काळी दिसणारी काच

काचवाल्याचं एक मत होतं आणि ते तो दर गिऱ्हाइकाला फुकट द्यायचा: ज्याला काही लपवायचं असतं त्यालाच प्रायव्हसी काच लागते. ही काच फोनवर चिकटवली की समोरून सगळं स्वच्छ दिसतं आणि कडेने नुसता काळोख. शेजारी बसलेल्याने मान मोडेपर्यंत वाकडी केली तरी त्याच्या हाती काही लागत नाही. साधी काच मागणारे सज्जन आणि ही मागणारे संशयित, अशी त्याने जगाची सरळ वाटणी करून टाकली होती. विकायचा मात्र दोन्ही. संशयितांवर नफा जास्त सुटायचा, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी, वर दिवा, बसायला स्टूल. हात मात्र बघत राहावा असा. स्पिरिटच्या कापसाने पडदा पुसायचा, चिकटपट्टीने धुळीचा कण न् कण उचलायचा, काच मधोमध टेकवायची आणि डिंक कडेपर्यंत पसरू द्यायचा. एक बुडबुडा राहायचा नाही. हात चालू असताना तोंडही चालूच. "फोन सगळं ऐकतो हो. परवा घरात पंख्याचं बोललो, काल पंख्याच्या जाहिराती. आपल्याला उघडं पाडलंय या कंपन्यांनी." गिऱ्हाईक मान डोलवायचं. तेवढ्यात त्याच्या फोनवर आलेला निरोप हा वाचून घ्यायचा. हातात आलेला फोन काय डोळे मिटून पुसायचा? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

घरीही तेच. मुलगा नोकरीसाठी लांब गेल्यापासून घरात दोघंच. बायको फोन घेऊन खुर्चीत टेकली की हा पाणी प्यायच्या निमित्ताने तिच्या मागून जायचा. "काय बघतेस? हे काय बघायचं असतं?" ती फोन पालथा ठेवून भाजी निवडायला घ्यायची. तिला वाईट वाटत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये बघितलं तर त्यात एवढं काय, असा त्याचा हिशेब.

एका संध्याकाळी तो नेहमीसारखा मागून गेला आणि त्याला काहीच दिसलं नाही. नुसता काळोख. तिच्या फोनवर प्रायव्हसी काच होती. त्याच्या हातची नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या तरी. डाव्या कोपऱ्यात धुळीचा कण अडकला होता आणि काच केसभर तिरकी बसली होती. खोटं कशाला बोला, त्याला पहिला राग त्या वाकड्या कामाचा आला. दुसरा विचार मागाहून आला आणि त्याने त्याच्या पायाखालची वाळू सरकली. नवऱ्याचं काचेचं दुकान असताना ही बाई परक्या दुकानात गेली. का? त्याचं उत्तर तर तोच रोज फळीवर बसून गावभर सांगत होता.

विचारलं असतं तर कदाचित तिने सांगितलंही असतं. पण विचारायला धीर लागतो. त्यापेक्षा कारस्थान सोपं. सकाळी ती अंघोळीला गेल्यावर त्याने कापसाची बारीक वळी करून तिच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात टाचणीने कोंबली. फोन चार्ज होईना, दुपारपर्यंत बंद पडला.

"अहो, बघा ना जरा, काय झालंय."

"डॉक्टरला दाखवतो. पासवर्ड लागेल."

डॉक्टर म्हणजे शेजारच्या गाळ्यातला फोन दुरुस्त करणारा. फोनची पोटं फाडतो म्हणून ते नाव. ती क्षणभर घुटमळली, मग पासवर्ड सांगितला. "डॉक्टरांनाच सांगा हं. तुम्ही नका बघू."

"मला काय करायचंय तुझ्या फोनशी?" असं म्हणून तो दुकानात आला.

कापूस त्याने इतका आत कोंबला होता की तो त्याचा त्याला निघेना. शेवटी डॉक्टरनेच चिमट्याने काढून फोन चार्ज करून दिला. मग हा फळीआड वाकून बसला आणि तासभर फोन उलटापालटा केला. फोन कुणाला? मुलाला, बहिणीला, याला. निरोप? बहिणीच्या गुडघेदुखीचे. मग बघत काय होती ही? तर गालिचे. व्हिडिओत मातीने माखलेले गालिचे धुणारी कुणी माणसं होती. साबण ओतायचा, घासायचं, खाली काळं पाणी वाहायचं आणि शेवटी चिखलाखालून लाल-निळी नक्षी वर यायची. एकामागून एक, शेकड्याने गालिचे. बाकी काही नाही.

त्याचा जीव भांड्यात पडला. तिथे गप्प बसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण घाबरलेल्या माणसाची भीती गेली की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. "डॉक्टर, आमच्या घरात गालिचा नाही, चटई आहे. आणि बायको दिवसभर गालिचे धुते. फोनवर!" डॉक्टर हसला, दोन गिऱ्हाइकं हसली. मग हा रोजच सांगायला लागला, आणि मधे तिची बसायची नक्कलही करायला लागला.

आठवडाभराने तो चष्मा घरी विसरला. ती तो द्यायला दुकानात आली. डॉक्टर मनाने वाईट नाही, फक्त त्याला कुठे थांबावं ते कळत नाही.

"या वहिनी. किती गालिचे धुतले आज? आणि फोन चालतोय ना? भोकात कापूस गेला होता हो. इतकी वर्षं फोन उघडतोय, पण कापूस पहिल्यांदाच बघितला."

तिने फळीकडे बघितलं. तिथे स्पिरिटची बाटली होती आणि तिला टेकून कापसाचा गुंडाळा. तिने चष्मा त्या कापसाशेजारी ठेवला आणि वळून निघून गेली. काचवाल्याने त्या दिवशी तीन काचा वाकड्या बसवल्या.

घरी आला तर तिचा फोन टेबलावर उताणा पडला होता. काच खरवडून काढलेली, पासवर्डही काढून टाकलेला. भांडण झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, भांडणात त्याला गती होती. तिने वाढलं, आवरलं आणि खिडकीपाशी जाऊन बसली. असे बरेच दिवस गेले. फोन वाजला तर ती उचलायची, बोलून परत तिथेच ठेवायची. बाकी त्याला हात लावत नव्हती.

शेवटी त्याचाच धीर सुटला. "चुकलं माझं. पण त्यात लपवण्यासारखं होतं तरी काय? गालिचेच ना?"

"गालिचेच."

"मग मला सांगायचं की."

"सांगणार होते," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "ते पाणी काळं वाहायला लागलं की मला रडू यायचं आणि मग बरं वाटायचं. कशामुळे, ते मलाच आत्ता कुठे कळायला लागलं होतं. नीट कळलं की पहिलं तुम्हालाच सांगणार होते. आता नाही सांगणार."

तिने शब्द पाळला. काचवाला अजून फळीवर बसतो आणि ते जुनं मत सवयीने अजून देतो, आवाज तेवढा खाली आलाय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आपल्या फोनवर तो गालिचे धुताना बघतो. घाई करत नाही, प्रत्येक गालिचा शेवटपर्यंत बघतो. त्याला आपलं घाण पाणीच दिसतं.