नऊ पत्ते आणि गुलाम

ब्रिजच्या क्लबात डाव संपला की खरी करमणूक सुरू होते. चारही हात टेबलावर उघडे मांडतात, पोह्यांवर शेव पडते आणि जो तो उस्ताद होतो. पत्ते उघडे मांडल्यावर राणी कुठे होती हे आमची मांजरसुद्धा सांगेल. खेळताना मला दोनच हात दिसत होते, माझा आणि समोर डमी म्हणून मांडलेला भिडूचा.

भिडू म्हणजे माझे सासरे, बाबा. लग्न होऊन सांगलीहून इंदूरला आले तेव्हा ह्या घरच्या मराठीतलं निम्मं मला कळायचं नाही. ब्रिज मात्र बाबांनी शिकवलं आणि ते कळलं. दर रविवारी घरून, राऊहून, स्कूटरवर लालबागजवळच्या क्लबात जायचो आणि जोडीने बसायचो. यंदा भोपाळच्या स्पर्धेसाठी टीम निवडायची होती. बाबांना तिथे एकदा तरी खेळायचंच होतं. डोळ्यांत काचबिंदू, आणि पुढच्या वर्षी पत्ते नीट दिसतील का, ह्यावर डॉक्टर काही बोलत नव्हते.

निवडीच्या डावात हुकूम इस्पिकचा होता. आम्हा दोघांत मिळून इस्पिकचे नऊ पत्ते, बाहेर चार, आणि त्या चारांत राणी. विरुद्ध जोडीला तीन हात देऊन झाले होते, चौथा गेला की डाव बुडाला. डमीतला राजा खेळले, दोन्हीकडून बारके पत्ते पडले. मग डमीतूनच बारका पत्ता काढला, उजवीकडच्याने तिसरा बारका टाकला. आता फक्त राणी उरली. माझ्या हातात एक्का आणि गुलाम. राणी डावीकडे असेल तर एक्का मारायचा, ती पडते. उजवीकडे असेल तर गुलाम लावायचा, म्हणजे पुढच्या वेळी ती एक्क्याखाली सापडते.

क्लबात ह्याचा नियम लहान मुलांच्या पाढ्यासारखा पाठ आहे, की नऊ पत्ते असले तर एक्का मारा. पण डावीकडच्या भल्या माणसाने सुरुवातीलाच तीन चौकटची बोली देऊन चौकटचे सात पत्ते आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं होतं. चार आमच्याकडे, म्हणजे उजवीकडे दोनच. डावा हात चौकटनेच भरलेला. राणीला बसायला डावीकडे पाच जागा राहिल्या होत्या, उजवीकडे नऊ. मी गुलाम लावला.

डावीकडून राणी आली आणि डाव बुडाला.

"नऊ पत्त्यांत कोण गुलाम लावतं, वहिनी?" कप्तान म्हणाले. क्लबातले सगळ्यांत जुने खेळाडू, टीम तेच निवडतात. "सीधा एक्का मारायचा होता ना. बच्चा भी जानता है."

मी बोलीचा हिशोब सांगितला. कोणी ऐकला नाही. गेल्याच महिन्यात ह्याच कप्तानांनी नियमाला धरून एक्का मारला होता आणि डाव घालवला होता. तेव्हा सगळा क्लब हळहळला होता, काय करणार भिया, पत्तेच तसे बसले. नियम पाळून हरलं की ते नशीब, डोकं वापरून हरलं की ती चूक. आणि डोकं वहिनीचं असेल तर घोडचूक. मला ह्या न्यायाची चीड येते, तेव्हाही आली.

कप्तान मनाचे वाईट नाहीत. बशी खाली ठेवून म्हणाले, "ज्यादा कुछ नहीं, चूक झाली एवढं बोलून टाका. बात खतम. सीट तुमचीच."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना काय हवंय हे मला ठाऊक होतं.

"तेच पत्ते परत वाटा," मी म्हटलं, "परत गुलामच लावीन."

दोघांचीही सीट गेली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "एक शब्द बोलली असतीस तर तुझं काय बिगडलं असतं? आणि माझं काय?" स्वयंपाकघरात जाऊन मी रडले. बाबांसाठी रडले, गुलामासाठी नाही.

दोन दिवसांनी कप्तानांचा फोन आला. बाबांना दुसरा भिडू देतो म्हणाले. बाबांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "जाऊ?"

"जा ना, बाबा. माझ्यासाठी थांबू नका."

निघताना चपला घालत त्यांनी विचारलं, "खरं सांग, राणी डावीकडे असेल असं तुला जरासुद्धा वाटलं नाही?"

"वाटलं ना. पाच जागा होत्याच तिकडे. म्हणून काय उरलेल्या नऊ सोडायच्या?"

त्यांनी पिशवी उचलली आणि भोपाळला निघाले.

भोपाळहून दुसऱ्या दुपारी फोन आला. आवाज थकलेला होता. "नऊ पत्ते आले होते," म्हणाले. "बोली ऐकली, जागा मोजल्या. गुलाम लावला."

"मग?"

"राणी डावीकडेच निघाली. डाव बुडाला. सगळे माझ्यावर तुटून पडले, कप्तान तर सगळ्यांत जास्त."

नको होतं लावायला, बाबा, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"चूक झाली म्हणा, असं म्हणत होते," बाबा म्हणाले. "मी नाही म्हटलं."