दाण्यांआड गेलेला रफू

मंगळवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ऊन स्वच्छ. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. नळवाला येतो म्हणाला, आला नाही. धाकट्या जावेचं कोटाचं रफूकाम चारला पुरं झालं. साडेचारला तिचा फोन : फोटो बिघडला, लगेच या.

ही धाकटी जाऊ म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या भिंगबाई. गळ्यात दोरीला कायम भिंग, म्हणून दुकानात हे नाव पडलं. अडतीस वर्षं मागच्या खोलीत बसून तिनं कसरीनं खाल्लेले, सिगरेटनं जळलेले, खिळ्याला अडकून फाटलेले कपडे रफू केले. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि मूळ विणीप्रमाणे एक वर, एक खाली घालत भोक बुजवायचं. काम झालं की ज्याचा कपडा तो घेऊन जातो. हिच्याकडे काहीच उरत नाही.

"सुताराची खुर्ची तरी दिसते," ती म्हणायची. "माझं काम दिसलं, तर लोक परत आणून देतात."

यंदा हात कापू लागले, तेव्हा तिनं ठरवलं, हा गडद राखाडी कोट शेवटचा. विणकाम शाळेच्या बाईंनी त्याचे फोटो आपल्या नमुन्यांच्या वहीत घ्यायचं कबूल केलं आणि साधा डिजिटल कॅमेरा देऊन गेल्या. रफूच्या आधीचा एक फोटो, नंतरचा एक. दोन्हींत धागा न् धागा दिसायला हवा. बुधवारी सकाळी दहाला कोटाचा मालक तो न्यायला येणार होता. तेवढ्यात फोटो निघाला तर निघाला.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत पोचले तेव्हा ती कोटाला ताडताड ब्रश मारत होती.

"तिसऱ्यांदा झटकतेय, ताई. तरी फोटोत सगळीकडे कचराच!"

"कोटावर तर कणसुद्धा नाही गं."

"तेच म्हणते मी! डोळे माझे गेले की या कॅमेऱ्याचे?"

फोटोत कोपरावर जणू वाळू सांडली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "रफू तर दिसत नाही ना? मग झालं."

ती उसळलीच. "या वाळूत ठिगळ लावलं असतं तरी दिसलं नसतं! लपवायचं ते मी लपवलंय. यानं मधे लुडबुड करायची नाही. धागे स्वच्छ दिसू देत, मग शोधा म्हणावं."

कॅमेऱ्याची पुस्तिका इंग्रजीत होती. लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टरांनी इंग्रजी शिकवलं, त्यांच्या कृपेनं ते काम माझ्याकडे आलं. फोटोखाली आकडे दिसतात असं त्यात वाचलं, म्हणून दोन्ही फोटो ताडून पाहिले. आधीचा फोटो गेल्या बुधवारी सकाळी खिडकीशी काढलेला : आयएसओ २००. आत्ताचा दिव्याखाली, फ्लॅशनं लोकर चकाकते म्हणून तो बंद ठेवून : आयएसओ ६४००.

"हा आकडा म्हणजे कॅमेरा उजेडाला किती जागतो ते," मी वाचून सांगितलं. "ऑटोवर ठेवला की उजेड कमी झाला तसा तो आपणच आकडा चढवतो. जास्त चढला की दाणे उमटतात."

"म्हणजे ऐकू जात नाही म्हणून ओरडायचं, आणि घसा बसवून घ्यायचा. अगदी तुमच्या दिरासारखं!"

ऑटो ठेवूनही त्याला मर्यादा घालता येते, असं पुढं होतं. पण कॅमेऱ्यावरची चकती 'पी'वर नेल्याशिवाय ती सोय पडद्यावर उघडतच नाही, यात आमचा अर्धा तास गेला. शेवटी मर्यादा ४०० वर बांधली. पुन्हा फोटो काढला.

"कचरा गेला, धुकं आलं," जाऊ म्हणाली.

पुस्तिकेत त्याचंही कारण होतं. आकडा चढवायची सोय नाही म्हणून कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात हात हलला की झालं. मी म्हटलं, "सकाळी खिडकीशी काढू."

"आणि ढग आले तर? आत्ताच."

तिनं बाही इस्त्री करायच्या फळीवर कोपर ताणून बसवलं, फळी भिंतीला उभी टेकवली. समोर धाग्यांचे दोन डबे एकावर एक, त्यांवर कॅमेरा. दोन सेकंदांचा टायमर मी लावला. बटण दाबून ती मागं सरली, दोन्ही हात पाठीशी घेतले आणि हातांनाच म्हणाली, "कापा आता हवं तेवढं."

फोटो मोठा करून पाहिला. वीण अशी उमटली होती की धागे मोजावेत. तिनं पडद्यावर भिंग धरलं. एकेक धागा पाहत गेली.

"ताई, भोक नेमकं कुठं होतं हो?"

मी पर्समधून माझी रोजच्या नोंदींची वही काढली. गेल्या बुधवारची नोंद होती : डावं कोपर, शिवणीपासून दोन बोटं. तिनं शिवणीपासून दोन बोटं मोजली, तिथं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. मग भिंग सोडून दिलं. ते गळ्यात लोंबकळलं.

"सापडत नाही," ती म्हणाली आणि कॅमेरा बंद केला.

घरी येऊन वहीत लिहिलं : नळवाला आलाच नाही. नळाला फडकं बांधलं, खाली बादली ठेवली.