दुबईचा नवरा

हडपसरला खोली शोधताना सगळीकडे एकच प्रश्न यायचा, "मिस्टर काय करतात?" घटस्फोट झालाय म्हटलं की ती खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटी मी बाजारातून साधं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र घेतलं आणि नवरा दुबईला आहे म्हणून सांगितलं. खोली त्याच दिवशी मिळाली. माहेर लांब मराठवाड्यात, शाळा सातवीत सुटलेली, पदरात मुलगी. दुसरं काय करणार होते?

मुलगी अकरावीला गेली तशी मी पोटगी वाढवून मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला. मेसमध्ये पोळ्या लाटून घर चालायचं, कॉलेज नाही. त्यावर मुलीच्या वडिलांनी उलटा अर्ज टाकला. म्हणे, बाईनं दुसरं लग्न केलंय, तिची आहे ती पोटगीही बंद करा. पुरावा म्हणून फोटो जोडला, घरमालकीणबाईंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा, कुणाच्या तरी स्टेटसवरून उचललेला. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि मी हसत हसत वाण घेतेय.

वकील म्हणाले, "खरं सांगा, आणि घरमालकिणीला साक्षीला आणा."

खरं सांगावं तर खोली जाणार, लपवावं तर पोटगी. मी घरमालकीणबाईंच्या, म्हणजे मावशींच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या लसूण सोलत होत्या. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"झालं सांगून?" त्या म्हणाल्या. "दुबईवाला कदी दिवाळीला आला न्हाई, गनपतीला आला न्हाई. आमी काय आंधळ्या हाय व्हय?"

"मग हळदीकुंकवाला का बोलावलंत?"

"भाडेकरीन हायस म्हनून. बस, लसून सोल."

डोळे भरून आले. लसणाचं निमित्त बरं झालं.

कोर्टात समोरच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटं बोलता?"

"हो साहेब. खोली मिळावी म्हणून बोलले. खरं बोलून बघितलं होतं, कुणी दार उघडलं नाही."

मग मावशी उभ्या राहिल्या. बाईला नवरा नाही हे तुम्हाला कशावरून माहीत, असं त्यांना विचारलं.

"माझ्या जिन्यावरनं मांजर गेलं तरी मला कळतंय. नवरा कसा सुटंल?"

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून हसू दाबलं. समोरच्यांचा अर्ज फेटाळला गेला. माझी पोटगी वाढली. मागितली त्याहून कमी, पण वाढली.

बाहेर कोर्टाच्या जिन्यात मुलीच्या वडिलांनी मला गाठलं. "स्वतः कमावतेस, तरी माझ्यापुढे हात पसरतेस. लाज वाटत नाही?"

मी वळून म्हणाले,

"हात पसरला नाही, अर्ज केलाय. मुलगी तुमचीही आहे. पुढं तिचा खर्च वाढला की पुन्हा अर्ज करीन."