गटाराखालची मोरी

त्या प्लंबरची आठवण झाली की अजून डोकं फिरतं. नव्वदच्या सुमारास पनवेलमध्ये आमचा रस्ता उंच झाला, मोरी गटाराच्या खाली गेली आणि आंघोळीचं पाणी तुंबू लागलं. दुरुस्तीला बोलावलेला हा प्लंबर पूर्वी कुणा साहेबाच्या शिडाच्या बोटीवर कामाला होता. आल्या आल्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतून उकिडवा बघत बसला.

"बोटीत न्हाणी समुद्राच्या खाली असते. भोक पाडलं तर समुद्रच आत येल. म्हनून तळाला टाकी करायची, नि पंपानं पानी वरून भायेर."

"अहो, हे घर आहे!"

"गटार वर हाय ना? मंग ही बोटच हाय."

शेवटी त्यानं गटाराकडचं भोक बुजवून मोरीखाली टाकी केली आणि हातपंप बसवलाच. रोज आंघोळ झाली की मी पंप हापसत त्याला शिव्या घालायचो. मग एका पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या मोऱ्यांतून गटार त्यांच्या घरांत शिरलं, आमचं तेवढं कोरडं राहिलं. सगळे त्याचं नाव विचारत माझ्याकडे आले. भांडणाच्या नादात मी तेवढंच विचारलं नव्हतं.