कानशिलावरची फुली

आमची सुंदराआत्या म्हसा गावाजवळच्या एका वाडीत नांदत होती. तिचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेला. उरलेल्या एका डोळ्यावर तिनं लावणी केली, पोरं वाढवली आणि वर धर्माआतोबांवर पाळतही ठेवली. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नेमका तोच डोळा पुढे येऊ लागला, आणि समोरचं सगळं धुकट झालं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तिला खिडकीपाशी बसवून विचारलं, "मी कसा दिसतो?"

"पांढरा कायतरी हलतोय," आत्या म्हणाली.

डोळ्यामागच्या नसेवर गाठ होती. क्ष-किरणांनी तिची वाढ थांबली तर ठीक, नाहीतर डोळा काढायचा. आत्या तिथंच रडली.

मग किरण सुरू झाले. बंद खोली, तोंडावर शिशाचा पत्रा, पत्र्याला कानशिलापाशी भोक. हलायचं नाही. चटका नाही, कळ नाही, नुसती यंत्राची घरघर. किरण कुठे सोडायचे ते कळावं म्हणून कानशिलावर जांभळ्या शाईची फुली काढलेली असे. घामानं ती पुसट झाली की डॉक्टर भडकत. आत्याच्या मनानं घेतलं, फुली गेली की डोळा गेला.

कातडी लाल झाली तेव्हा डॉक्टरांनी विश्रांतीसाठी काही दिवस तिला घरी धाडलं. त्या जागी पाणी नको, तेल नको, म्हणाले. सुईचं काही बोलले नाहीत. पौषात म्हशाची जत्रा भरते आणि जत्रेत गोंदणाऱ्या बाया बसतात, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार!

आतोबा बैल बघायला गेले, आणि आत्या पुसट झालेली फुली घेऊन गोंदणारणीपुढे जाऊन बसली.

"सवाशिणीच्या तोंडावर फुली? मी नाय गो मारनार," बाई म्हणाली.

"माझा तोंड, माझी फुली! मार सुई."

नुसती फुली अशुभ, म्हणून खाली एक टिकली गोंदायच्या बोलीवर बाई कबूल झाली. आतोबा परत येईस्तोवर सगळं उरकलं होतं. सकाळी कानशील टरारून सुजलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "किरण लागलेल्या कातडीवर सुई? आता पू धरला तर किरण बंद. मग डोळा काढण्यावाचून इलाज नाही!"

दोघं परळला आतोबांच्या भाच्याच्या खोलीवर थांबली. आत्याला आरशात काही दिसत नव्हतं. ती रोज आतोबांपुढे तोंड धरी.

"उतरली का वो सूज?"

"उतरतेय गो."

सुरुवातीला ते साफ खोटं बोलत होते. मीही बोललो असतो. बाहेरच्या नळावर जाऊन ते तोंड धुवत, रडलेलं कुणाला कळू नये म्हणून.

सूज खरंच उतरली. डॉक्टरांनी मोजून पाहिलं तर फुली जराशी खाली सरकली होती. तेवढं धरून त्यांनी यंत्र लावलं आणि राहिलेले किरण दिले. पुढचं काही महिन्यांनी कळणार होतं. ते महिने आतोबांनी कसे काढले, ते त्यांनाच माहीत.

ठरल्या वेळी डॉक्टरांनी तिला पुन्हा खिडकीपाशी बसवलं. "आता मी कसा दिसतो?"

आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आतोबा भिंतीपाशी उभे होते.

"डाक्तर," ती म्हणाली, "तुमच्या कोटाची मधली गुंडी तुटलेय."

आतोबा मटकन खाली बसले आणि सगळ्या इस्पितळादेखत ढसाढसा रडले.

"हे बघा," आत्या डॉक्टरांना म्हणाली, "आता ह्यो पन दिसतोय."