अण्णांच्या नावावरचे तास

रोज सकाळी तोंड धुतलं की ताई कॉम्प्युटरवर वेळ मोजणाऱ्या एका प्रोग्राममध्ये साधी मजकुराची फाइल उघडायची आणि दिवसाची कामं ओळीखाली ओळ लिहायची. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर हा तिचा पेशा. काम हातात घेतलं की त्या ओळीवर वेळ सुरू करायची, सोडलं की थांबवायची. सगळ्यांत खालची ओळ होती 'अण्णा', म्हणजे शेजारच्या खोलीत पाय मोडून पडलेले वडील.

"तू कामात बुडालेली, ते भिंतीकडे बघत बसलेले. रविवारी त्यांना माझ्याकडे नेतो," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. ताईला ते झोंबलं.

"रोज दोन तास बसते मी त्यांच्यापाशी. लेखी दाखवीन. मग बोल."

शनिवारी दुपारी तिने महिन्याची बेरीज काढली. अण्णा: एकसष्ट तास. ती सुखावली, पण डोळ्यांना चुका शोधायची सवय. एकट्या एका मंगळवारचे चौदा तास दिसले. औषध द्यायला उठताना तिने वेळ सुरू केली होती, ती थांबवायचीच राहिली होती. अशा आणखी ओळी निघाल्या. ती जागेवर परतली की प्रोग्राम विचारायचा, मधला वेळ ठेवू की वगळू? ती 'ठेव' म्हणायची. आधी घाईत, पुढेपुढे समजूनउमजून.

आठवून आठवून तिने एकेक ओळ दुरुस्त केली. उरले नऊ तास. बेरीज चुकली असेल म्हणून कागदावर मांडली. नऊच.

"काय गं, मघापासून काय शोधतेयस?" अण्णांनी आतून विचारलं.

"फाइलीत चूक होती."

"सापडली?"

"हो."

"मग आवाज का उतरलाय?"

ती त्यांच्यापाशी जाऊन बसली. "उद्या जाल त्याच्याकडे?"

"मी काय, सामान. ठेवाल तिथे राहीन," अण्णा हसले. तिला हसता आलं नाही.

रविवारी भाऊ आला तेव्हा तिने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"नऊ?"

"आधी एकसष्ट होते. मी खोडले."

"कशाला? मला काय कळणार होतं?"

"अण्णांना विचारलं असतंस तर कळलं असतं."

भावाने अण्णांचे कपडे पिशवीत भरले, अण्णांना उचलून गाडीत मागच्या सीटवर बसवलं. ताई उशी घेऊन धावत आली.

"ही त्यांना झोपताना उजव्या बाजूला लागते," ती भावाला म्हणाली आणि थबकली. मग खिडकीपाशी वाकली. "अण्णा, कुठल्या कुशीवर झोपता तुम्ही?"