कॅप्टन अदालिदचं पदक

अदालिद रोकाच्या विमानात क्षितिज दाखवणाऱ्या दोन वस्तू होत्या. एक कारखान्यातून बसून आलेलं तबकडीचं यंत्र, ज्याला सगळे घड्याळच म्हणायचे. दुसरं त्यानं स्वतः होकायंत्राखाली, त्या घड्याळाच्या तोंडासमोर, साखळीनं टांगलेलं चांदीचं पदक, वैमानिकांची राखणदार मानलेल्या लोरेतोच्या माउलीचं. त्याचा भरवसा पदकावर होता.

त्याला कारण घडलं होतं. तरुणपणी एकदा क्षितिजाचं घड्याळ ढगात कलंडलं. त्याच्या आत भोवरा असतो. तो जोरात फिरतो तोवर जागा सोडत नाही आणि विमान किती कललं ते त्यावरून कळतं. त्या दिवशी भोवऱ्याला फिरवणारी हवा कमी पडली. अदालिद कसाबसा ढगाखाली आला तेव्हा पदक सरळ लोंबत होतं. तेव्हापासून त्रिनिदाद गावाच्या धावपट्टीवर तो सगळ्यांना ऐकवायचा, की घड्याळ शेवटी माणसानं केलेलं असतं.

बेनी प्रांतातल्या गुरांच्या कुरणांवरून तो विमानानं मांस आणायचा. हँगरमधल्या संपर्काच्या रेडिओपाशी त्याची बायको नेल्वी बसायची. शेजारी देलमार नोसा विमानांची घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं एकदा दुधाची बादली गरगर फिरवून दाखवली. बादली आडवी झाली तरी थेंब सांडला नाही.

"तुझी माउली या दुधासारखी आहे, कॅप्टन. वळणात विमान आडवं झालं तरी ती विमानाच्या तळाकडेच लोंबणार."

"दूध नासवू नकोस," अदालिद म्हणाला. "आणि माउलीला बादलीत घालू नकोस."

जुलैत सुरासो सुटला. दक्षिणेचा हा गार वारा ढग पार खाली आणून ठेवतो. मांस भरून परतताना अदालिदनं रेडिओवर आधी जेवायला काय आहे ते विचारलं, मग ढगात शिरतोय म्हणाला. थोड्या वेळानं त्याच शांत आवाजात त्यानं उंची कमी होत असल्याचं सांगितलं. बाहेरच्या हवेच्या दाबावर चालणारा उंचीचा काटा भराभर उलटा फिरत होता. पंखाखालच्या नळीत घुसणारा वारा मोजणारा वेगाचा काटा लाल रेघेकडे चालला होता. नाक वर घ्यायला तो हातातला दांडा मागे ओढत होता. जितकं ओढावं तितकं अंग जड होत होतं आणि विमान खालीच जात होतं.

"ओढतोय तरी खाली जातंय. पण पदक सरळ आहे," तो म्हणाला.

देलमार हातातलं काम टाकून उठला. नेल्वीनं त्याला माईक दिला नाही.

"ओढू नकोस. ते पदक काढ आणि घड्याळ बघ."

"अगं, सरळ आहे."

"काढ म्हणते ना."

मग नुसती खरखर. नेल्वीनं दोनदा त्याचं नाव घेतलं.

"आडवा झालोय मी," अदालिदचा आवाज आला. "डावा पंख पार खाली."

त्यानं आधी पंख सरळ केले, मगच नाक उचललं. ढगातून बाहेर पडला तेव्हा खाली झाडांचे शेंडे होते. उतरला तेव्हा चाकांत पानं अडकलेली होती.

त्यानं सगळ्यांना सांगितलं ते असं: पदकाला हात लावला आणि साखळी आपोआप तुटली. माउली स्वतः बाजूला झाली, म्हणून घड्याळ दिसलं. देलमारनं सुचवलं, की आता तिला खिशात ठेव. अदालिदला ते पटलं नाही. खिशातून तिला दिसणार काय?

दुसऱ्या सकाळी वारा तसाच होता. अदालिदनं बाजारातून नवी साखळी आणली, पोलादी. पदक टांगून त्यानं ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"ही नाही तुटायची," तो म्हणाला, आणि इंजिन सुरू केलं.

नेल्वीनं रेडिओ लावला.